तग

ऋतुजा अंभोरे दारात उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्याला एक लांबट पेटी होती आणि काखेत गुंडाळलेला जाड कापडी पडदा. यशोधराबाईंना वाटलं, कूलरवाल्यानं या वर्षी मुलगी पाठवली. “कूलर मागच्या खिडकीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कूलर नाही काकू, मी घर तपासणारी,” ती हसून म्हणाली. “तग कक्षातून आलेय.”

“घराला काय झालं माझ्या?”

“काही नाही झालं. उद्या काही झालंच तर ते किती तग धरेल, एवढंच बघायचंय. आज नुसती पाहणी. खरी चाचणी पुढच्या आठवड्यात.”

यशोधरा तायडे अकोल्याच्या आकाशवाणी केंद्रावर उद्घोषक होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पती दिनकररावही गेले होते. पण मंडईत त्यांनी मेथीच्या जुडीचा भाव विचारला की एखादा म्हातारा भाजीवाला अजून चमकून वर बघे. चेहरा नाही, पण आवाज ओळखीचा वाटे. एकुलती एक मुलगी प्रज्ञा नाशिकला होती आणि दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगायची, “आई, तो उन्हाळा आता तुझ्या वयाला झेपायचा नाही. इकडे ये.” यशोधराबाई दर रविवारी विषय बदलायच्या.

ऋतुजाला त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि रेडिओवर पाहुण्यांची मुलाखत घ्यायच्या त्याच पद्धतीनं विचारलं, “हे तग म्हणजे नेमकं काय, ते ऐकणाऱ्याला कळेल असं सांग बरं.”

ऋतुजाला सांगायची सवय होती. पूर्वी घरांना तारे मिळत, ती म्हणाली. घर थंड ठेवायला वीज किती लागते त्यावर. कमी वीज, जास्त तारे. पण वीज आहे हे त्यात धरलेलंच असे. मग तो उन्हाळा आला, ज्यात वीजवाहिन्या तापून बंद पडल्या आणि पाच तारे मिळालेल्या काचेच्या इमारतींमधून माणसांना बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून प्रश्न बदलला. वीज गेल्यावर घर माणसाला किती तास सांभाळेल?

“आपलं शरीर घामानं थंड होतं,” ऋतुजा सांगत होती. “घाम वाळला तरच उपयोग. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून आपण पंचेचाळीस अंशातही फिरतो. पण तेवढीच गरम हवा दमट झाली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. मग शरीर आतून तापायला लागतं. तिथपर्यंत पोचायला घराच्या आतल्या हवेला जितके तास लागतील, तितका घराचा तग.”

“आणि ते तू आधीच कसं सांगणार?”

तिनं पेटी उघडली. आत मखमलीवर पातळ, गोल चकत्या ओळीनं ठेवल्या होत्या. कपाळावरच्या टिकल्या असाव्यात तशा. “ही टिकली भिंतीला चिकटवायची. ती भिंतीला अगदी हलका, उबदार ठोका देते. तो ठोका भिंतीतून पलीकडे जायला किती वेळ घेतो, वाटेत किती उष्णता मुरते, ते पलीकडची टिकली ऐकते. जाड भिंतीतून ठोका सावकाश जातो, पातळ भिंतीतून लगेच. हा पडदा दाराला लावून पंख्यानं हवा ओढायची, म्हणजे घर कुठून किती गळतं ते कळतं. छत, खिडक्या, पश्चिमेचं ऊन, सगळं एकत्र करून आकडा निघतो. प्रत्येक मजल्याचा वेगळा.”

जिन्यात कुणीतरी थांबल्याची चाहूल लागली. वरच्या मजल्यावरची संजीवनी लव्हाळे दहा महिन्यांच्या इराला कडेवर घेऊन खाली येत होती.

“आकडा कमी आला तर?” तिनं तिथूनच विचारलं.

“सहाच्या खाली आला तर तो मजला भाड्यानं देता येत नाही. महिन्याभरात रिकामा करावा लागतो.” ऋतुजानं पेटी मिटली. “नियम भाडेकरूंच्या भल्यासाठीच आहे ताई.”

संजीवनीनं इराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

खालचा मजला दिनकररावांनी हौसेनं, जाड विटांच्या भिंतींचा बांधला होता. वरचा मागाहून, घाईत उठवलेला. भिंती एकेरी विटेच्या, छत पातळ. संजीवनीला ते रोज अंगावर कळत होतं. ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिचा नवरा हेमंत एमआयडीसीत डाळ मिलच्या यंत्रांवर देखभालीला होता. लग्नानंतर त्यांनी तीन घरं बदलली होती. चौथ्या घरात इरा झाली, आणि बाळंतपणातून आल्यावर पहिल्या आठवड्यात यशोधराबाई रोज जिना चढून मेथीचे लाडू आणि डिंकाची खीर घेऊन येत. इरा रडायला लागली की खालून रेडिओचा तो जुना, संथ आवाज यायचा, “श्रोतेहो, कोण रडून राहिलं आमच्याकडे?” आणि इरा गप्प व्हायची. असं घर संजीवनीला पुन्हा मिळणार नव्हतं.

तिनं चाचणीची सगळी माहिती वाचून काढली. गणित अवघड नव्हतं. गच्चीवर छताच्या वर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जुना कोबा होता. कोबा पाणी पितो. ओल्या कोब्याला तापायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, आणि त्यातलं पाणी वाळता वाळता छत गार करतं. चाचणीपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी तिनं गच्चीवर पाणी ओतलं. चाचणीच्या दिवशी सकाळपर्यंत वरचा थर वाळला होता, आतला नव्हता.

“गच्चीवर इतकं पाणी कशाला गं?” यशोधराबाईंनी एकदा विचारलं होतं.

“कुंड्या सुकून राहिल्यात काकू,” ती म्हणाली होती, आणि जिना चढताना तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली होती.

चाचणी झाली. ऋतुजानं दिवसभर टिकल्यांचे ठोके ऐकले, पडदे लावले, काढले. वरच्या मजल्याचा तग आला नऊ. खालच्याचा अकरा.

“अकरा!” यशोधराबाईंनी त्याच संध्याकाळी, रविवारची वाट न बघता, नाशिकला फोन लावला. “तुझ्या नाशिकच्या फ्लॅटचा किती आहे गं? सात? मग तूच ये इकडे.” या वेळी विषय प्रज्ञानं बदलला. यशोधराबाईंनी शिरा केला आणि वाटी वर पाठवली. संजीवनीनं ती इराला भरवली. स्वतः तिनं त्याला बोटही लावलं नाही.

*

मे महिन्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं. गच्चीवर ओतायला काही उरलं नाही. कोबा खडखडीत वाळला.

त्या दिवशी बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा वऱ्हाडावर येऊन बसली होती. असं पूर्वी क्वचित व्हायचं, आता दर एक-दोन वर्षांनी होऊ लागलं होतं. कूलर घरघरत होते, पण ओल्या हवेत ओलावाच घालत होते. सकाळच्या न्याहारीनंतर सगळे कूलर एकदम थांबले. गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच सुस्कारा बाहेर पडल्यासारखं झालं, आणि मग सामसूम.

थोड्याच वेळात फोनवर तग कक्षाचे निरोप आले. गल्लीच्या टोकाला पत्र्याची घरं होती, तिथे निवाऱ्याच्या बस येऊन उभ्या राहिल्या. ज्यांचा तग कमी त्यांना आधी न्यायचं, असा क्रम होता. यशोधराबाईंना निरोप आला, तुमच्या मजल्याचा तग पुरेसा आहे, खिडक्या बंद ठेवून घरातच थांबा. त्यांनी पडदे ओढले, माठातलं पाणी घेतलं आणि खाटेवर आडव्या झाल्या. अकरा तास म्हणजे दिवस मावळेपर्यंतची बेगमी. त्यांनी त्या मुलीचे, तिच्या टिकल्यांचे मनातल्या मनात आभारही मानले.

दुपार झाली, तशी वर संजीवनी पिशवी भरायला लागली. तिला ठाऊक होतं की आपल्या मजल्याचे नऊ खोटे आहेत. खरे तीन असतील, फार तर साडेतीन. मागच्या गल्लीत तिच्या नणंदेचं घर होतं. तिथे छतावरच्या सौर पॅनेलवर निदान पंखे तरी चालले असते. इराला घेऊन गुपचूप तिकडे जायचं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

तिनं दुपटी घ्यायला इराला खाली ठेवलं. इरानं रांगायला एक गुडघा टेकला, लगेच उचलला आणि भोकाड पसरलं. संजीवनीनं फरशीला हात लावला. नुकतीच इस्त्री फिरवलेल्या कापडासारखी फरशी तापली होती.

ती तशीच बसून राहिली. ही आपली फरशी. आणि खाली काकूंच्या डोक्यावरचं छत.

आतापर्यंत तिनं फक्त आपल्या मजल्याचं गणित केलं होतं. खालचे अकरा कसे आले असतील, हा विचारच तिच्या डोक्यात आला नव्हता. वरचा मजला गार राहतो असं धरून ते आले होते. वरचा मजला तीन तासांत भट्टी होणार असेल, तर खाली अकरा कुठून असणार? सहा? सात? ते धडधाकट माणसाचे. आणि काकू तर पासष्टी ओलांडलेल्या. घर बंद करून, त्या आकड्यावर विश्वास ठेवून पडलेल्या.

तिनं इराला उचललं आणि जिना उतरून दार वाजवलं.

“काकू!”

आतून आवाज आला. स्पष्ट, संथ, नेमका. “श्रोतेहो, आता हवामान. आकाश निरभ्र राहील. वारा वायव्येकडून. आता ऐकूया...”

“काकू, दार उघडा! मी संजीवनी!”

“...आता ऐकूया हवामान. आकाश निरभ्र राहील.”

काकूंनी एक किल्ली तिच्याकडे ठेवायला दिलेली होती. ती धावत वर गेली, किल्ली आणली, दार उघडलं. आत कोंदट, गरम अंधार होता. यशोधराबाई खाटेवर होत्या, डोळे उघडे, चेहरा लालभडक. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि घामाचा टिपूस नव्हता.

“प्रज्ञा, आलीस का?” त्या म्हणाल्या. “थांब, एवढं बुलेटिन संपवते.”

संजीवनीनं इराला मोरीजवळच्या त्यातल्या त्यात गार फरशीवर बसवलं आणि हातात एक वाटी दिली. माठातलं सगळं पाणी चादरीवर ओतलं, चादर काकूंच्या अंगावर टाकली. एका हातानं सुपानं वारा घालत तिनं दुसऱ्या हातानं तग कक्षाचा नंबर लावला.

यंत्राचा गोड आवाज आला. “आपल्या मजल्याचा तग अजून शिल्लक आहे. कृपया घरातच थांबा. आपली पाळी आल्यावर...”

तिनं माणसाशी बोलायचा आकडा दाबला. पुन्हा दाबला. इरा वाटी फरशीवर आपटत होती.

“तग कक्ष, अंभोरे बोलतेय.”

“मॅडम, मी संजीवनी लव्हाळे, तायडे काकूंच्या घरून. काकूंना ऊन लागलंय. घाम थांबलाय, बरळून राहिल्यात. गाडी पाठवा.”

“तुमचा आकडा अकरा दिसतोय. वीज जाऊन तर...”

“तो खोटा आहे.” ती एका दमात बोलली. “दोन्ही आकडे खोटे आहेत. चाचणीच्या आधी मी गच्चीच्या कोब्यात पाणी मुरवलं होतं. मी केलं. घर जाऊ नये म्हणून केलं. माझं नाव लिहा, काय करायचं ते करा, पण गाडी आधी पाठवा.”

पलीकडे कळफलक खडखडला. मग ऋतुजाचा आवाज आला, घाईचा पण स्थिर. “गाडी वळवली. ऐका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मान, काख, जांघ, तिथे ओलं फडकं ठेवा. वारा घालत राहा. दोन्ही बाजूंची दारं उघडा, आता बाहेरपेक्षा आत वाईट असेल. फोन बंद करू नका.”

“हो.”

“आणि लव्हाळे ताई, बाळ कुठेय?”

“इथेच आहे. वाटी वाजवतेय.”

“वाजवू दे. तो आवाज यायला हवा मला.”

गाडी येईपर्यंत संजीवनी वारा घालत राहिली. हात भरून आले तेव्हा सूप दुसऱ्या हातात घेतलं. यशोधराबाईंचं बुलेटिन हळूहळू पुटपुटण्यावर आलं, आणि गाडीतल्या लोकांनी त्यांना बर्फाच्या गादीवर ठेवलं तेव्हा त्या गप्प झाल्या होत्या.

*

रुग्णालयात त्यांना नीट शुद्ध आली तेव्हा समोर प्रज्ञा बसली होती. नाशिकहून मिळेल त्या गाडीनं आली होती, आणि डोळे सुजलेले होते.

“डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर...” तिनं डोळे पुसले. मग रागानं म्हणाली, “आई, सगळं त्या बाईमुळे झालं. तिनं चाचणीत खोटेपणा केला. तिनंच कबूल केलंय. तिला आधी घराबाहेर काढ. आणि आता तू माझ्याबरोबर येणार आहेस.”

तिनं संजीवनीकडून कळलेली सगळी हकिकत सांगितली, ती नणंदेकडे निघाली होती हेसुद्धा. यशोधराबाई डोळे मिटून ऐकत होत्या. कोबा, पाणी, नऊ, अकरा. कुंड्या सुकून राहिल्यात काकू. त्यांना राग आला. चांगलाच आला. त्या भरवशावर त्यांनी खिडक्या बंद करून घेतल्या होत्या.

“ती कुठेय?”

“बाहेर बसलीय. सकाळपासून. मी आत येऊ दिलं नाही.”

“येऊ दे.”

संजीवनी आली, पायांशी उभी राहिली. कडेवर इरा झोपली होती.

“तू नणंदेकडे निघाली होतीस ना?” यशोधराबाईंनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

“हो काकू.”

“मग खाली कशाला वळलीस? निघून गेली असतीस तर कुणाला काय कळलं असतं? आकडा अकराच राहिला असता. लोक म्हणाले असते, म्हातारी होती, ऊन सोसलं नाही.”

“फरशी तापली होती,” संजीवनी म्हणाली. “मला वाटलं, ती तुमच्या डोक्यावर आहे.” आणि ती रडायला लागली.

यशोधराबाईंनी सलाइन नसलेला हात पुढे केला. “ये इकडे. बस. प्रज्ञा, तिला पाणी दे.”

“आई, तू...”

“पाणी दे तिला. तिनं माझ्यासाठी स्वतःचं घर फोनवर सोडून दिलं. खोटं बोलली ती भीतीनं. भीतीनं खोटं सगळेच बोलतात. खरं किती जण बोलतात?”

प्रज्ञा उठली. तिनं पाण्याचा पेला भरला आणि संजीवनीसमोर धरला. हात अजून ताठच होता. पण संजीवनी पाणी पीत असताना झोपलेल्या इराला तिनंच आपल्या मांडीवर घेतलं.

*

सुनावणी जूनमध्ये झाली. खोट्या मापनाबद्दल भाडेकरूला दंड होता आणि पुढची काही वर्षं कुठलंही तपासलेलं घर भाड्यानं मिळायला बंदी. समोर अधिकारी बसले होते, पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ. त्या उन्हाळ्यात त्यांनी अशी बरीच प्रकरणं ऐकली असावीत. एका बाजूला ऋतुजा होती. संजीवनी आणि हेमंत शेजारी शेजारी मान खाली घालून बसले होते.

“तायडेबाई, तुम्ही घरमालक,” अधिकारी म्हणाले. “या प्रकरणात जिवावर बेतलं ते तुमच्या. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत सांगा.”

यशोधराबाई उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं, ते आपोआप थांबलं. त्यांचा आवाज परत आला होता.

“साहेब, तक्रार नाही. मी आभार मानायला आलेय.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

“पहिले आभार या अंभोरे मॅडमचे. फोनवर गुन्हा कबूल करणाऱ्या बाईला त्यांनी आधी गाडी दिली आणि प्रश्न नंतर विचारले. दुसरे या संजीवनीचे. आता दोष कुणाचा म्हणाल, तर तिनं चूक केली, ती म्हणतेच आहे. पण ती का केली ते बघा. तुमचा नियम सांगतो, मजला तापतो तर भाडेकरूनं निघून जावं. कुठे जावं? त्याच भाड्यात मिळणारं दुसरं घरही तापतंच. घर आजारी आहे, आणि तुम्ही रोग्याला सोडून शुश्रूषा करणाऱ्याला बाहेर काढता. मग तो ताप लपवणारच. या शहरात आणखी किती गच्च्यांवर पाणी मुरतंय, तुम्हाला ठाऊक आहे का?”

अधिकाऱ्यांनी ऋतुजाकडे बघितलं.

“सर, त्या दिवसानंतर आम्ही टिकल्यांना ओल ओळखायला शिकवलंय,” ऋतुजा म्हणाली. “जुने आकडे तपासून बघितले. या ताई एकट्या नाहीत.” तिनं यादी पुढे सरकवली. “बऱ्याच आहेत. सगळे वरचे मजले, सगळे भाड्याचे.”

अधिकारी खिडकीबाहेर बघत राहिले.

“तुमचं काय म्हणणं आहे, बाई?” त्यांनी शेवटी विचारलं. हा प्रश्न तपासाचा नव्हता.

“घराला मुदत द्या,” यशोधराबाई म्हणाल्या. “माझ्यासारख्या मालकाला सांगा, एवढ्या दिवसांत घर दुरुस्त कर. आणि दुरुस्ती होईस्तोवर भाडेकरूला हलवू नका. फक्त तिचा खरा आकडा लिहून ठेवा, म्हणजे वीज गेली की गाडी आधी तिच्या दाराशी येईल.”

नियम एका सुनावणीत बदलत नाहीत. पण त्या दिवशी संजीवनीची बंदी टळली, दंड नाममात्र झाला, आणि अधिकाऱ्यांनी वर पाठवलेल्या टिपणात यशोधराबाईंची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी गेली. दिवाळीच्या सुमारास नवा नियम आला. घरमालकाला मुदत, भाडेकरूला राहण्याचा हक्क. शहरभरातून खरे आकडे सांगायला लोक आपणहून पुढे आले. कक्षाच्या नकाशावर एका रात्रीत कितीतरी घरं हिरव्याची लाल झाली. ऋतुजा म्हणाली, इतका वाईट नकाशा बघून एवढं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घराची दुरुस्ती संजीवनीनं आखली. आता तिचं गणित उघडपणे कामाला आलं. गच्चीवर कोब्याच्या वर उलटी मडकी ओळीनं मांडली, त्यांच्यात अडकलेली हवा उष्णता अडवते म्हणून. वर चुन्याचा पांढरा थर दिला. पश्चिमेच्या एकेरी भिंतीबाहेर बांबूच्या तट्ट्या आल्या, भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये वारा खेळता राहील अशा. छताखाली झडपांचे झरोके पाडले, संध्याकाळी उघडायचे आणि सकाळी बंद करायचे. मडकी आणायला हेमंत पातूरला कुंभारांकडे गेला. प्रज्ञा दिवाळीला आली ती कामालाच लागली, आणि दिवाळीच्या फोटोत चुन्याच्या हातांनिशीच आली. आईला नाशिकला न्यायचा विषय तिनं काढला नाही. जाताना मात्र ती वर गेली आणि संजीवनीला म्हणाली, “ताई, रविवारी आईचा फोन झाला की पाच मिनिटं तुमचाही येऊ द्या. ती मला सगळं खरं सांगत नाही.”

ऋतुजा पुन्हा टिकल्या घेऊन आली. या वेळी तिनं आधी कोब्याची ओल तपासली, आणि संजीवनीनं स्वतः तिला गच्चीचा कोपरा न् कोपरा दाखवला. वरचा तग आला आठ. खरे आठ. खालचा बारा.

*

पुढच्या मे महिन्यात वीज पुन्हा गेली. हवा पुन्हा दमट होती. यशोधराबाई आणि संजीवनी खालच्या खोलीत बसल्या होत्या. इरा आता पळायला लागली होती आणि माठाभोवती फेऱ्या मारत होती.

फोनवर निरोप आला. नव्या नियमाबरोबर तग कक्षानं हेही सुरू केलं होतं. ज्या घरांचा तग जास्त, त्यांना विचारायचं. तुमच्या गल्लीतल्या बसला उशीर होतोय. पत्र्याच्या घरांतल्या काही जणांना तोवर आसरा द्याल का?

“किती जण आहेत?” संजीवनीनं विचारलं.

“विचारतेस कशाला?” यशोधराबाई उठून दाराकडे गेल्या.

गल्लीतून चार-पाच जण कडेकडेच्या सावलीतून येत होते. पुढे शिलाईकाम करणारे मोमीन चाचा, त्यांच्या हाताला धरून त्यांची वृद्ध आई. तिच्या डोक्यावर ओला पदर होता. उंबऱ्याशी येऊन ती थबकली. आतला गारवा तिच्या चेहऱ्याला लागला तशी तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि तशीच उभी राहिली.

“या, आत या अम्मा,” यशोधराबाई म्हणाल्या. “संजीवनी, चटई टाक गं. मागच्या माणसानं दार ओढून घ्या.”

म्हातारी भिंतीला टेकून बसली. विटेच्या गार भिंतीवरून तिनं तळहात फिरवला.

“किती वेळ बसू बेटा आम्ही इथे?” तिनं संकोचून विचारलं.

“लाइट येईपर्यंत,” यशोधराबाई म्हणाल्या. “आणि लाइट आल्यावर चहा होईपर्यंत.”